हप्त्याहप्त्यानं समुद्र

घराचा ईएमआय भरता, गाडीचा भरता, फोनचाही भरता. मग समुद्राचाच का नको? मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत, एका वेळी एक दिवस, आपल्याच पायांनी!

बॉस रविवारीसुद्धा फोन करतो. सुट्टी मागायची तर आधी एचआरला कारण द्यायचं. आणि परदेशात जाऊन तीन-तीन आठवडे समुद्रकाठानं चालणाऱ्या लोकांचे व्हिडिओ आपण लोकलमध्ये लटकत बघायचे. इंग्लंडमध्ये साउथ वेस्ट कोस्ट पाथ नावाची १,०१४ किलोमीटरची पायवाट आहे. वेल्सनं २०१२ मध्ये आपल्या अख्ख्या किनाऱ्याभोवती १,४०० किलोमीटरची वाट खुली केली. बघून हेवा वाटतो. मग आपण काय करतो? फोन खिशात टाकतो आणि दादरला उतरतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये एकानं (आयटीवाला, त्यामुळे हिशेबात पक्का) सवाल टाकला, ‘अख्खा एकदम कशाला? हप्त्यानं घेऊ की!’

फंडा सोपा. तिकडची मंडळीही सगळी काही सलग चालत नाहीत. बरेच जण एक दिवस चालतात, घरी जातात, नोकरी करतात आणि पुढच्या वेळी जिथे थांबले होते तिथूनच पाऊल टाकतात. कुणाला वर्षं लागतात. घाई कुणालाच नसते. आम्ही ठरवलं, महिन्यातला एक रविवार समुद्राचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात आणि मे महिन्याच्या उन्हात सुट्टी.

शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर म्हणून पाठ केला होता. केंद्र सरकारच्या नव्या मोजणीत तो ८७७.९७ किलोमीटर भरलाय. किनारा लांबला नाही, मोजपट्टी बारीक झाली. प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण नीट मोजलं की आकडा वाढतो. चालायला लागल्यावर हे पायांनाही कळतं.

पहिला हप्ता : मांडवा ते अलिबाग

गेटवेवरून सकाळची पहिली बोट. मांडव्याला उतरल्यावर सगळी पब्लिक बसकडे पळते. आम्ही डावी-उजवी बघून पुळणीत उतरलो. पुळण म्हणजे वाळूचा किनारा. हा शब्द मला माहीत होता, पण त्यावर वीस किलोमीटर चालायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

सासवने, आवास, किहीम, नवगाव, थळ, वरसोली, अलिबाग. एरवी ही नावं म्हणजे बसच्या खिडकीतल्या पाट्या. चालताना प्रत्येकाला चेहरा मिळतो. सासवन्यात शिल्पकार करमरकरांचं संग्रहालय आहे. पुण्यातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे हेच करमरकर. किहीमला सालिम अलींनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. थळपासून समुद्रात खांदेरी-उंदेरीची जोडगोळी दिसते. संध्याकाळी अलिबागला पोचलो तेव्हा पोटऱ्या बोंब मारत होत्या आणि चौघांचे चेहरे टोमॅटो झाले होते. पण सॉलिड खूश होतो.

दुसरा हप्ता बाउन्स!

महिन्याभरानं अलिबाग ते रेवदंडा. जोश जाम होता. साडेआठला बीचवर पोचलो आणि बघतो तर बीचच नाही! पाणी थेट वरपर्यंत. कुलाबा किल्ला, जिथे ओहोटीला चालत जाता येतं, तो चारी बाजूंनी पाण्यात. आम्ही सुरूच्या झाडांमधून, भुसभुशीत वाळूत पाय ओढत निघालो. एक किलोमीटरला पंचवीस मिनिटं. आक्षीच्या खाडीशी आलो तेव्हा ती तुडुंब. आयटीवाल्यानं ‘इथून जमेल’ म्हणत पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. तो बाहेर आला, त्याची एक सॅंडल नाही आली.

मग हायवे. हॉर्न, धूळ, ऊन. नागावला हात टेकले आणि एसटी पकडली. गंमत म्हणजे एसटीतून झाडांच्या फटीतून समुद्र दिसला तेव्हा तो मैलभर आत गेल्यासारखा वाटत होता. समोर ओली, कडक, चालायला फर्स्टक्लास वाळू. आणि आम्ही सीटवर.

रात्री घरी आल्यावर आईला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आज तिथी कुठली?”

मला काय माहीत? तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. द्वादशी.

“बारशीला सकाळी नऊला भरती असते गं. साडेआठला समुद्रावर काय करत होतात?”

तिथीची पाऊणपट

माझी आई सत्तावन्न वर्षांची आहे. तीस वर्षं मुंबईत ऑफिसला जाऊन रिटायर झाली. तिचं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं, नारळी-पोफळीच्या वाडीतलं. हे सगळं मला माहीत होतं. तिला भरती-ओहोटीचं गणित येतं, हे मला अठ्ठावीस वर्षांत माहीत नव्हतं.

गणित असं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चारची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, पहाटे तीनच्या सुमाराला दुसरी. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे सकाळी नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पुनव-अवसेला भरती बाराच्या आसपास आणि तीही उधाणाची, कारण चंद्र-सूर्य दोघं एका रेषेत ओढतात. अष्टमीच्या आगेमागे पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. त्याला भांग म्हणतात. रोज भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊणएक तास पुढे सरकते, म्हणून पाऊणपट. कोळीवाड्यात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

आईला ते आजोबांकडून आलेलं. आजोबा खाडीपलीकडच्या गावात मास्तर होते. रोज होडीनं शाळेत जायचे. होडी कधी लागेल ते तिथीवर. त्यामुळे घरात सकाळी चहाच्या आधी पाऊणपट व्हायची.

आमच्या आयटीवाल्यानं दुसऱ्याच दिवशी फोनमधल्या टाइड ॲपशी आईचा हिशेब ताडून बघितला. अर्ध्या तासाचा फरक. “काकू, सॉलिड!” असा मेसेज आला. तेव्हापासून आमच्या रविवारांची तारीख आई काढायला लागली. तृतीया ते षष्ठी, शुद्ध असो वा वद्य. म्हणजे सकाळी उतरत्या पाण्याबरोबर चालायला सुरुवात, आणि दुपारी पाणी चढायच्या आत बरंचसं अंतर पार.

बाउन्स झालेला हप्ता आम्ही पुढच्या महिन्यात चतुर्थीला भरला. तोच किनारा, पण ओळखू न येण्याइतका रुंद. वाटेत आक्षी लागतं. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इथे मराठीत लिहून ठेवलं, आणि आपण ते सोडून वॉटरस्पोर्ट्सच्या रांगेत उभे राहतो! रेवदंड्यात पोर्तुगीजांची तटबंदी आहे आणि पंधराव्या शतकात चौलला आलेल्या अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारकही.

वाट आहे, पण वाट नाही

पुढचे हप्ते पटापट गेले. रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लई. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, पण त्यांच्या भाषेतून बनलेली बोली कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत आजही बोलली जाते. मग काशीद. तिथे रविवारी दुपारी पोचणं म्हणजे शांततेतून थेट जत्रेत. काशीदहून नांदगाव, मुरूड. मुरूडहून आगरदांड्याला फेरीबोट आणि पलीकडे दिघी, मग दिवेआगर.

पण एक गोष्ट तोपर्यंत खटकायला लागली होती. नकाशात किनारा अखंड दिसतो. चालताना तो तुटतो. खडप आडवं आलं, खाजण आलं, बंधाऱ्याचे दगड आले, की गावात वर यायचं आणि पुढे पुन्हा खाली उतरायचं. उतरायचं कुठून? कुणाच्या तरी वाडीतून. दोन गडग्यांमधून जाणारी, दीड माणूस रुंद, पोफळीच्या झावळ्यांनी झाकलेली वाट. कोणी अडवत नाही. उलट ‘पाणी घ्या जरा’ म्हणतात.

पण काही ठिकाणी त्याच वाटेवर आता गेट दिसतं. उंच, काळं, वर कॅमेरा. आत बंगला, लॉन, आणि पाटी ‘खासगी मालमत्ता’. समुद्र दोनशे मीटरवर, आणि आपल्याला दोन किलोमीटरचा वळसा.

इंग्लंडमध्ये २००९ च्या कायद्यानं किनाऱ्यालगत चालायची वाट आखून द्यायची जबाबदारी सरकारवर टाकली. राष्ट्रीय पायवाटांवर ओक झाडाच्या फळाची खूण असते. ती दिसली की समजायचं, इथून जायचा हक्क आहे. आपल्याकडे भरतीरेषेखालचा किनारा सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. किनाऱ्याजवळच्या बांधकामावर १९९१ पासून सीआरझेडचे नियम आहेत. पण तिथे पोचायची वाट? ती बहुतेक वेळा फक्त सवयीवर उभी असते. आजोबा जायचे, बाबा जायचे, म्हणून आपण जातो.

त्यात आता रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग येऊ घातलाय, खाड्यांवर मोठे पूल होऊ घातलेत. आजारी माणसाला तालुक्याला न्यायला दोन तास लागणाऱ्या गावांसाठी तो हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण रस्ता येणार म्हटलं की आधी जमिनीचा भाव येतो.

हे सगळं माझ्यासाठी ‘स्टोरी’ होतं. मग मामाचा फोन आला.

सहावा हप्ता, आईसकट

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मामाच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नाव कमावलेली. पण नवं रोप लावून ते धरायला वर्षं जातात. मामा साठीच्या पुढचा, मुलगा पुण्यात. वाडीला गिऱ्हाईक आलं होतं. सातबाऱ्यावर आईचंही नाव. मामाला तिच्याकडून हक्कसोडपत्र हवं होतं. “ताई, ये एकदा. सही झाली की मी मोकळा.”

आईनं फोन ठेवला आणि मला विचारलं, “तुमचं पुढचं चालणं दिवेआगर ते श्रीवर्धन ना? पंचमीचा रविवार आहे. मी पण येते.”

मी म्हटलं, अगं, वीस किलोमीटर आहे. गुडघ्याचं काय?

“एसटीनं माहेरी खूप वेळा गेले. एकदा चालत जाते.”

शनिवारी रात्री दिवेआगरला मुक्काम. १९९७ मध्ये इथे पोफळीच्या बागेत सोन्याचा गणपती सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला, आणि २०२१ मध्ये पुन्हा स्थापना झाली. आईनं देवळाच्या पायरीवर बसून गुडघ्याला पट्टा बांधून बघितला. सकाळी साडेसहाला आम्ही पाचजण पुळणीवर. पाणी उतरत होतं. तिच्या पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज, साडीऐवजी सलवार-कमीज, डोक्यावर आयटीवाल्याची कंपनीची टोपी!

पहिले चार किलोमीटर ती आमच्या पुढे होती. वाळूवर पसरलेली जांभळ्या फुलांची वेल दाखवून म्हणाली, “ही मर्यादवेल. समुद्र हिच्या अलीकडे येत नाही म्हणतात.” मग थोडं चालून, “आम्हा मुलींना आजी उलटं सांगायची. हिच्या पलीकडे जायचं नाही.”

तेव्हा कळलं. समुद्रापासून दहा मिनिटांवर वाढलेली माझी आई समुद्रावर जायची ती नारळी पुनवेला आणि गणपती विसर्जनाला. भाऊ पोहायचे, कालवं काढायला खडपावर जायचे. मुली केवड्याच्या बनापर्यंत. भरतीची वेळ तिला तोंडपाठ, कारण ती घरात बसून मोजता येते.

भरडखोलला कोळीवाड्यात वलांड्यांवर बोंबील वाळत होते. वासानं आमच्या बँकवाल्या मैत्रिणीनं नाक धरलं, आईनं मात्र भाव विचारला. पुढे शेखाडी. १९९३ च्या बॉम्बस्फोटांतलं आरडीएक्स याच किनाऱ्यावर उतरलं होतं. आई म्हणाली, “त्यानंतर ऑफिसात कुणी गाव विचारलं की मी नुसतं ‘रायगड’ म्हणायचे.” आत्ता तिथे दोन पोरं टायर फिरवत होती आणि एक म्हातारा जाळं विणत बसला होता. त्यानं आईला कुठल्या आळीतली ते विचारलं, तिनं सांगितलं, आणि त्यानं मास्तरांचं नाव घेतलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या होडीतली ओळख. त्यानं चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

आरावीच्या चढावर गुडघा बोलायला लागला. आम्ही रिक्षा बघू म्हटलं. आई दगडावर बसली, बूट काढले, समुद्राकडे बघत लिमलेटची गोळी चघळली आणि पंधरा मिनिटांनी उठली. “चला. पाणी फिरलं.” खरंच, खाली पाणी चढायला लागलं होतं.

सही

माहेरच्या वाडीत आम्ही समुद्राच्या बाजूनं शिरलो. मागच्या दारानं. आई म्हणाली, या बाजूनं ती आयुष्यात पहिल्यांदा घरी येत होती. गडगा ढासळलेला, अर्धी वाडी मोकळी, उरलेल्या पोफळींमध्ये नवी रोपं. मामा पडवीत कागद घेऊन बसला होता. आम्हाला वाळूनं माखलेलं बघून तो आधी हसला, मग आईचे बूट बघून गप्प झाला.

जेवणं झाली. आईनं कागद वाचला. शेवटपर्यंत. मग चष्मा काढून म्हणाली, “सही करीन. पण ही मागची वाट गिऱ्हाइकाच्या कागदात लिहून घे. अख्ख्या आळीची ती समुद्राची वाट आहे. गेट लावलं तर लोकांनी जायचं कुठून?”

मामा वैतागला. म्हणाला, असलं काही घातलं तर भाव पडेल, कदाचित गिऱ्हाईकच जाईल. त्याचंही खोटं नव्हतं. वादळानंतर त्यानं एकट्यानं निस्तरलं होतं. आम्ही मुंबईत होतो.

“तुझ्या पैशातलं मला काही नको,” आई म्हणाली. “वाट तेवढी ठेव.”

नंतर मी एका वकिलांना विचारलं. १८८२ चा वहिवाटीच्या हक्कांचा कायदा आहे. एखादी वाट उघडपणे, विनाअडथळा, हक्क म्हणून वीस वर्षं वापरात असेल तर वहिवाटीचा हक्क मागता येतो. पण तो सिद्ध करत बसण्यापेक्षा खरेदीखतातच वाटेचा उल्लेख आणि नकाशा असणं केव्हाही बरं. किनाऱ्यालगत तुमचीही वडिलोपार्जित जमीन असेल, तर सही करण्याआधी एवढं एक नक्की बघा. भाव सगळे बघतात, वाट कुणी बघत नाही.

मामाचा कागद अजून झालेला नाही. गिऱ्हाईक विचार करतंय. मामा आईशी आठ दिवस बोलला नाही, मग नव्या रोपांचे फोटो पाठवले.

सातवा हप्ता श्रीवर्धन ते हरिहरेश्वर, आम्ही गेल्या महिन्यात पूर्ण केला. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा समुद्राच्या बाजूनं, लाटांनी जाळी पाडलेल्या कातळावरून जाते, आणि ती ओहोटीलाच करायची असते. आई तिथे बरोबर वेळेवर होती, हे सांगायला नकोच! पुढचा हप्ता बागमांडल्याची फेरीबोट, पलीकडे वेसवी, बाणकोट आणि कासवांचं वेळास. किनारा अजून केवढा तरी बाकी आहे. म्हणजे आमचं हे कर्ज काही इतक्यात फिटत नाही.

काल आईचा फोन आला. तिनं ‘जेवलीस का’ विचारलं नाही. म्हणाली, “येत्या रविवारी षष्ठी आहे.”

तुम्हालाही निघायचंय?

* तारीख : मुंबई-रायगड पट्ट्यात तिथीची पाऊणपट हा ढोबळ हिशेब. दक्षिणेकडे वेळ थोडी अलीकडे येते. पक्क्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच.
* अंतर : पहिल्यांदा १२ ते १५ किमी पुरे. वाळूतले दहा म्हणजे रस्त्यावरचे पंधरा.
* खाडी : अनोळखी खाडी पायी ओलांडू नका. पूल, फेरीबोट किंवा गावातली होडी. चिखल वरून कडक दिसतो, आत नसतो.
* पाय : ओल्या खडपावर शेवाळ असतं. चांगली ग्रिप असलेले, भिजले तरी चालतील असे बूट. जादा मोजे हवेतच.
* परतीची गाडी : आधी शेवटच्या एसटीची वेळ विचारा, मग चालायला लागा.
* वाडीतून जाताना : विचारून जा, फळाला हात लावू नका, फाटक होतं तसं लावा. ती वाट तुम्हाला विश्वासावर मिळालेली असते.
* खर्च : मॉलमधल्या एका वीकेंडपेक्षा कमी. त्यात घरच्या कुणाला बरोबर न्या. कोण काय जाणतं, ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही!